एकोणीस नंबरचा रोही

माझा उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत होता आणि मी ओरडत होते, "भाऊ, लोशन! भाऊ, बादली!" म्हैस व्यायली होती, पण वार अडकून दुसरा दिवस लागला होता. वासानं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ज्या माणसाला सरकार मला मदत करण्यासाठी पगार देतं, तो माणूस गोठ्यात नव्हता. तेवढ्यात घरातून किंकाळी आली.

"अवं माय वं! माह्या मानसाले उलटा पाडला वं यानं!"

मी होते तशीच दाराकडे धावले. आत आमचे भाऊ फतकल मारून बसले होते. समोर एका फेटेवाल्या आजोबांची तसबीर पालथी पडलेली, तिचा हार शेजारी नीट गोल करून ठेवलेला. भाऊंच्या हातात पक्कड, दातांत चार खिळे. घरची आजी, म्हणजे त्या आजोबांची बायको, कपाळ बडवून घेत होती.

"आजी, आबाच्या पाठीले ओल धरली होती," भाऊ दातांतले खिळे न काढता म्हणाले. "पुठ्ठा सडला असता तं आबा गेला असता."

"तो तं गेलाच हाय ना रे मुडद्या!"

"हौ. पन फोटोतूनबी गेला असता."

मला राग लवकर येतो. नोकरीचा माझा आठवा दिवस होता, मी पुसदची, आर्णी तालुक्यातल्या त्या दवाखान्यात पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून नुकतीच रुजू झालेले. तिथल्या तिथे मेमो देते म्हणून मी तोंड उघडलं. पण भाऊंनी तसबिरीच्या पाठीचा कागद दोन बोटांनी अलगद उचलला, उलटा केला, आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

कागदावर तरस होतं. काळ्या बारीक रेघांत छापलेलं, आणि त्या रेघांवर कुणीतरी ब्रशनं, हातानं रंग भरलेले. पट्टे तपकिरी, आयाळ राखाडी, जिभेच्या टोकाला तेवढा लाल. खाली इंग्रजी नाव, वरच्या कोपऱ्यात रोमन आकडा. कागद जाड, कडांना पिवळा पडलेला, पण रंग असे ताजे की बोट लावायची भीती वाटावी. आजोबांच्या पाठीमागे हे जनावर वीसपंचवीस वर्षं अंधारात बसून होतं.

"बेस," भाऊ म्हणाले. "दहावं भेटलं."

मग त्यांनी पिशवीतून मापात कापलेला नवा पुठ्ठा काढला, तो बसवला, काच पुसली, खिळे ठोकले, आजोबांना भिंतीवर चढवलं, हार घातला, हात जोडले, आणि मग मला लोशन आणून दिलं. म्हैस वाचली. आजीनं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

भाऊंचं पद व्रणोपचारक. कागदावर भारदस्त दिसतं, काम म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, आडदांड बैलाला दावणीला जखडणं आणि डॉक्टर नवीन असला तर त्याची अब्रू राखणं. माझी त्यांनी अनेकदा राखली. ते आर्णीजवळच्या एका तांड्यातले. "आमच्या पंजोबापाशी ढीगभर बैल होते, मीठ वाह्याचे, अन् घर नव्हतं," ते म्हणायचे. "माह्यापाशी घर हाय अन् एक बैल नाई. कोनाची तरक्की झाली सांगा?"

ही चित्रं कुठून आली, ते दवाखान्यातल्या लक्ष्मीच्या तसबिरीमुळे कळलं होतं. माझ्या आधीच्या डॉक्टरांच्या काळात पालीच्या मागे मांजर धावली, लक्ष्मीची तसबीर खाली आली, काच फुटली आणि मागून बिबट्या निघाला. दुसऱ्या कुणी हसून नवी काच बसवायला टाकली असती. भाऊ त्या बिबट्याला घेऊन थेट आर्णीच्या बाजारात गेले, ज्यानं ती फ्रेम केली होती त्याच्याकडे. फ्रेमवाला तेव्हाच म्हातारा झाला होता, दुकान बंद करून मुलाच्या मोबाइलच्या दुकानात स्टुलावर बसून राहायचा. त्यानं सांगितलं की एका साली यवतमाळच्या रद्दीवाल्याकडून त्यानं एक जाडजूड पुस्तक उचललं होतं, कुठल्याशा जुन्या बंगल्यातलं. कागद दणकट, पुठ्ठ्यापेक्षा सरळ. त्यानं पानं सुटी केली आणि तो हंगामभर तसबिरींच्या पाठीला लावली. देवांच्या, लग्नांच्या, आणि गेलेल्या माणसांच्या.

"अन् वरच्या जनावरायचं काय?" भाऊंनी विचारलं होतं.

"जनावरायले कोन पाह्यते, भाऊ? तोंड आतून केलं अन् ठोकले खिळे."

झालं. त्या दिवसापासून भाऊंनी ध्यास घेतला. पुस्तकातली सगळी जनावरं परत एका जागी आणायची, एकही सोडायचं नाही. फ्रेमवाल्याची खूण पक्की होती, चॉकलेटी पट्टी आणि आतून सोनेरी रेघ. माप एकच. भाऊंच्या खिशात गाठ मारलेली सुतळी असायची, भिंतीवरच्या तसबिरीला ती लावली की कळे. गाय बघायला बोलावलं की आमचे भाऊ आधी भिंत बघत, मग गाय.

किती जनावरं, ते त्यांना माहीत नव्हतं. मी आले तेव्हा त्यांच्याकडे नऊ चित्रं आणि एक छापील पान होतं. ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "म्याडम, हे वाचा." ती पुस्तकाची यादी होती. चोवीस नावं. मी वाचत गेले, ते प्रत्येक नावापुढे पेन्सिलनं आपलं नाव लिहीत गेले. बिबट, तरस, सांबर, चितळ, साळिंदर, खवल्या मांजर, अस्वल, उदमांजर. एकोणिसाव्या नावाला मी थांबले, फोनवर शोधलं आणि म्हटलं, "ही नीलगाय."

"रोही," ते म्हणाले, कारण आमच्याकडे तिला रोहीच म्हणतात. "तुरीत रोज येते ते. तेबी काढली त्यायनं?" त्यांना फार आनंद झाला. साहेबलोकांनी वाघ काढला याचं त्यांना कौतुक नव्हतं.

प्रत्येक चित्राचा त्यांनी दवाखान्याच्या छापील केसपेपरवर रीतसर पेपर केला होता. जनावर: तरस, नर. मालक: अमुक गावच्या अमक्या घरचे कैलासवासी आजोबा. तक्रार: उजव्या कानाशी बुरशी. उपचार: सावलीत तीन दिवस, मऊ ब्रश, कडुनिंबाचा पाला. मी म्हटलं, भाऊ, सरकारी स्टेशनरी आहे ही. ते म्हणाले, "जनावराचाच पेपर हाय ना?"

चितारणाऱ्यांवर मात्र त्यांचा जिव्हाळ्याचा राग होता. भिंग घेऊन बसत आणि चुका काढत. "हे अस्वल पाहा. मागच्या दोन पायावर उभं, गुडघे मानसासारखे. यानं अस्वल नाई पाह्यलं, अस्वलवाला पाह्यला." रानडुकराचे दात उलटे, मुंगसाचे डोळे माणसाचे. पण तरसाच्या आयाळीपाशी ते थांबत. "इथं मात्र हात ठेवून पाह्यला हाय त्यानं. या केसाले हात लावल्याबिगर असा नाई काढता येत."

एकदा मी कुठेसं वाचून त्यांना सांगितलं की असली चित्रं रंगवायला तिकडे बाया-पोरं ओळीनं बसायची. एकानं फक्त पिवळा भरायचा, कागद पुढे सरकवायचा, दुसऱ्यानं तपकिरी, तिसऱ्यानं डोळे. भाऊ टेबलावर थाप मारून उठले. "म्हंजे आपल्या लसीकरनासारखं! एक सुई भरते, एक टोचते, एक लिवते!" पुढचे दोन महिने त्यांनी रेघेबाहेर गेलेला प्रत्येक पिवळा ठिपका तपासला आणि निकाल दिला, की पिवळा भरणारी बाई डावरी होती आणि दुपारनंतर तिला झोप यायची. त्या बाईवर त्यांची माया जडली. चितळाचं चित्र हातात घेतलं की म्हणायचे, "हे तिनं सकाळी केलं."

गुरांत लम्पीची साथ आली तेव्हा सगळ्या खात्याच्या नाकी नऊ आले. घरोघरी, गोठोगोठी लसीकरण. आम्ही सकाळी सहाला निघायचो. बाकीचे कर्मचारी कुरकुरायचे, भाऊ एकटे नव्या नवरदेवासारखे खुशीत, कारण तालुक्यातलं एकही घर सुटणार नव्हतं. पण आता ते विचारल्याशिवाय तसबिरीला हात लावत नसत. आजीच्या प्रकरणानंतर मी तशी तंबीच दिली होती. आधी जनावराला टोचायचं, मग ओट्यावर बसून चहा, मग हळूच विषय. घरच्यांनी आढेवेढे घेतले, गेलेल्या माणसाला खाली कसं उतरवायचं म्हटलं, की भाऊंचं एक वाक्य ठरलेलं होतं.

"फोटो म्हंजे मानूस नोहे. कागद होय तो. कागदाले का दुखते?"

हे वाक्य मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. त्यावर लोक विरघळायचे. वर भाऊंचा शब्द असायचा की चोवीस पूर्ण झाली की सगळ्या घरच्यांना बोलावीन, तुमच्या माणसाच्या पाठीमागे काय होतं ते एका ओळीत मांडून दाखवीन. चोवीस पूर्ण झाल्याशिवाय एकही नाही. लम्पी सरली तेव्हा अठरा झाली होती.

मग मी घाण केली. सरळ सांगते, कारण लपवून उपयोग नाही. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मी बिबट्याचा फोटो टाकला आणि खाली सगळी हकीकत लिहिली, मोठ्या फुशारकीनं. आठवड्यात नागपूरहून एक गृहस्थ गाडी घेऊन हजर. जुन्या चित्रांचा व्यापारी. पांढरे मोजे घालून त्यानं चित्रं हाताळली, वाघ, बिबट, गवा, चितळ आणि अस्वल वेगळे काढले, म्हणाला, एवढे देऊन टाका, बाकीचे तुमच्याकडे राहू द्या.

"कळपातून निवडून नेता काय?" भाऊंनी विचारलं.

"मार्केट याचंच आहे, काका. संच कोणी घेत नाही."

"मंग गुरायच्या बाजारात जा. तिथं पाय पाहून, दात पाहून देतेत. इथं नाई."

तो गेला, पण जाताना चौकात चहा प्यायला थांबला, आणि संध्याकाळपर्यंत तालुकाभर झालं की तसबिरींमागे खजिना आहे. लोकांनी स्वतःच फ्रेमा फोडल्या. कुणाच्या मागून कॅलेंडर निघालं, कुणाच्या मागून शाळेच्या उत्तरपत्रिका. एका घरी दोन सख्ख्या भावांनी बापाची तसबीर ओढाओढीत मोडली. मागे सांबर होतं. दोघांच्या हातात अर्धं अर्धं आलं.

आमचे भाऊ त्या दोघांकडे वेगवेगळे गेले. एकाकडे चार दिवस सकाळ-संध्याकाळ ओट्यावर जाऊन बसले, काही न बोलता. दुसऱ्याच्या गाईच्या सडाची जखम महिनाभर धुतली. दोन्ही तुकडे आणले आणि तांदळाच्या खळीनं, पतंगाच्या कागदाची पट्टी मागून लावून जोडले. टाके घातले म्हणायचे. माझ्याशी मात्र आठ दिवस कामापुरतंच बोलले. नवव्या दिवशी मी रडले. मग म्हणाले, "रडून नका राहू म्याडम. मानेतून फाटलं हाय. चेहरा वाचला."

असं करत करत, कुठे गोडीनं, कुठे ठाण मांडून, तेवीस झाली. राहिला एकच. एकोणीस नंबर, रोही.

तालुक्यात त्या चॉकलेटी पट्टीची तसबीर आता उरली नव्हती. भाऊंनी दिग्रस पालथं घातलं, दारव्हा घातलं. ज्या पोरी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या होत्या आणि माहेरहून देवाचा फोटो घेऊन गेल्या होत्या, त्यांच्या सासरी जाऊन आले. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. चेहरा उतरला होता त्यांचा. मी म्हणायचे, भाऊ, उंदरानं खाल्ला असेल, सोडा आता. ते म्हणायचे, "उंदरानं खाल्ला तं उंदीर दाखवा."

त्याच सुमाराला त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर सही राहिली म्हणून मी त्यांच्या घरी गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. नेहमी तेच दवाखान्यात येत, मला कधी कारण पडलं नव्हतं. ओसरीवर कुणी नव्हतं म्हणून मी हाक मारत आत गेले, आणि समोरच्या भिंतीकडे पाहून जागच्या जागी थांबले.

चॉकलेटी पट्टी, सोनेरी रेघ. माप बघायला मला सुतळीची गरज नव्हती.

तसबिरीत तिशीतली एक बाई होती. डोक्यावर ओढणी, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. भाऊंची बायको गेल्याचं मला माहीत होतं, काविळीनं गेली, मुलगी लहान असताना, एवढंच. भाऊ मागून आले आणि मी वळले.

"भाऊ, हा कुठं बनवला?"

त्यांनी हातातली पिशवी कोपऱ्यात ठेवली.

"भाऊ, त्याच हंगामातला आहे ना?"

"तो नाई उघडत," ते म्हणाले.

माझा पारा चढला. मला आजही त्या आवाजाची लाज वाटते, पण मी ओरडलेच. "सगळ्या तालुक्याचे बाप-आजे पालथे पाडलेत तुम्ही! त्या आजीला रडवलंत! कागदाला काय दुखतं म्हणालात! आणि स्वतःच्या घरातलीला हात नाही? तीन महिने दिग्रस-दारव्हा कशाला करत होतात मग? सोंग होतं?"

भाऊ खाली बसले. "त्या भिंतीले एका पावसाळ्यात ओल आली," ते म्हणाले. "फोटो काचेले चिकटला. मले खपलीची पारख हाय म्याडम, तीस वर्ष तेच केलं. मागचा दाब निंघाला अन् फोटो सुटला, तं चेहरा काचेवर राह्यते. दुसरा फोटो नाई. लग्नात एक काढला होता, सगळ्यायचा, त्यातून हा मोठा केला. तो लग्नातलाबी गेला."

"मी मोबाइलवर आधी काढून घेते."

"त्यात तिचा फोटो येईन. ते नाई येनार."

"फोटो म्हणजे माणूस नव्हे, हे कोण म्हणत होतं?"

"लोकायले सांगाले बरं असते," भाऊ म्हणाले. मी सह्या घेतल्या आणि निघून आले. राग गेला नव्हता, पण तो आता कुणावर करायचा ते समजत नव्हतं.

निरोपाचा कार्यक्रम दवाखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली ठरला. वरिष्ठ येणार, शाल-श्रीफळ, जेवणात वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. आदल्या दिवशी भाऊंनी मला विचारलं नाही, सांगितलं. "आवारभिंतीले चोवीस खिळे ठोकून राह्यलो. सगळ्या घरच्यायले निरोप धाडला."

"चोवीस?"

"हौ. चोवीस."

आणि लोक आले. मला वाटलं होतं पाच-दहा येतील, पण ट्रॅक्टरनं, दुचाकीवर तिघं-तिघं, ऑटोत कोंबून, सगळी घरं आली. सांबर फाडणारे दोघे भाऊ आले, एकमेकांपासून लांब उभे राहिले. फ्रेमवाल्या म्हाताऱ्याला मुलानं खुर्चीत आणून बसवलं. आणि नोकरीच्या आठव्या दिवशी मला पाणी न विचारणारी आजी नातवाच्या गाडीवर मागे बसून आली. भिंतीवर तेवीस जनावरं ओळीनं टांगलेली, काचेत, नव्या फ्रेमांत. लोक आपापल्या माणसाचं जनावर शोधत होते. "आमच्या बाबाचा गवा!" "हे आमच्या मायचं साळिंदर, पाहून राह्यलीस काय?" आजी तरसासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "जिता असता तं लय हासला असता." एकोणीस नंबरचा खिळा रिकामा होता.

भाषणं झाली. भाऊंना शाल दिली. ते बोलायला उठले, माइक बाजूला केला, आणि आत जाऊन चादरीत गुंडाळलेली ती तसबीर घेऊन आले.

"रोही भेटला नाई," ते म्हणाले. "सगळे घरं झाले. एकच राह्यलं, ते माहं हाय. तुमच्या घरी आलो तवा मी म्हनलं, कागद होय. तुमी ऐकलं. आता माह्या घरची बारी आली तं मी तीन महिने पळून राह्यलो. हे काई बराबर नाई. आज सगळ्यायसमोर उघडतो."

त्यांनी पक्कड काढली. तसबीर टेबलावर पालथी घालायला गेले आणि अर्ध्यातच परत उभी केली, पुन्हा घालायला गेले, पुन्हा उभी केली. मीच पुढे झाले, म्हटलं, भाऊ, राहू द्या, मी तेव्हा उगाच बोलले. त्यांनी मान हलवली. नाही.

मग आजी उठली. काठी नातवाकडे दिली, टेबलापाशी आली आणि तसबीर उचलून काच आपल्या छातीशी धरली, लेकराला धरावं तशी दोन्ही हातांनी घट्ट. तसबिरीची पाठ भाऊंकडे.

"म्या धरलं हाय तिले," ती म्हणाली. "हालू नाई देत. काढ तू खिळे."

भाऊंनी आजीकडे पाहिलं. मग एक एक खिळा काढायला सुरुवात केली. कागदी पट्टी ब्लेडनं कापली. खिळे दातांत धरले. आजी डोळे मिटून उभी होती आणि तिची हनुवटी फ्रेमच्या वरच्या कडेवर टेकली होती. शेवटचा खिळा निघाला. भाऊंनी पाठीचा कागद दोन बोटांनी उचलला.

तो कागद नव्हता. अंगाच्या साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा होता. त्यावर गुलाबी अक्षरं होती आणि एका बाजूला कोपरा तुटलेला.

आजीनं डोळे उघडले, तसबीर हळूच फिरवली. फोटो जागचा हालला नव्हता. बाई तशीच, जरा बाजूला बघत.

आणि भाऊंचा आवाज चढला. मी त्यांना ओरडताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते खुर्चीतल्या फ्रेमवाल्याकडे वळले. "साऱ्या तालुक्याच्या मेलेल्यायले तू वाघ देल्ले, बिबटे देल्ले, गवे देल्ले! अन् माह्या बायकोले साबनाचा खोका!"

फ्रेमवाला घाबरला. "भाऊ, तू मले सकाळीच फोटो पाह्यजे म्हनलास. कागद सपले होते. हातात होतं ते लावलं."

"साबनाचा खोका!"

आधी कोण हसलं माहीत नाही. बहुतेक आजी. मग सगळं आवार हसलं, आणि भाऊ हसता हसता रडायला लागले, शालीनं तोंड पुसत, "खोका! पाह्यलं काय, खोका!" मी हसत नव्हते. मला वाटत होतं की एवढी वर्षं, एवढी घरं, आणि शेवटी हातात साबणाचा पुठ्ठा, आता हा माणूस मोडेल.

भाऊंनी डोळे पुसले आणि भिंतीकडे गेले. पहिल्या नंबरपासून हळूहळू चालत आले, प्रत्येक जनावरासमोर थांबत. वाघापाशी कुणीतरी म्हणालं, "वाघ द्या, भाऊ." ते म्हणाले, "वाघाले भेत होती ते." चितळापाशी थांबले. ती काच खाली उतरवली, फ्रेम उघडली, आणि चित्र बाहेर काढलं.

मला तेव्हा समजलं. "भाऊ, अहो काय करताय! संच मोडतोय!"

"मोडू द्या." ते चितळाच्या पाठीवरचे पांढरे ठिपके बघत होते. "लग्नात तिच्या कांचळीले, चोळीले म्हना, असे आरसे होते. मी मोजले होते, ते रागावली होती."

आजीनं न सांगता तसबीर पुन्हा छातीशी धरली. भाऊंनी चितळ उलटं करून, तोंड आत, बायकोकडे करून पाठीला बसवलं. कडा बोटांनी दाबल्या. खिळे एक एक करून दातांतून काढत ठोकले. मग ती तसबीर त्यांनी एकोणीस नंबरच्या खिळ्यावर टांगली, दोन पावलं मागे जाऊन वाकडी तर नाही ना ते पाहिलं, आणि तो साबणाचा पुठ्ठा माझ्या हातात दिला.

"हे फेका म्याडम," ते म्हणाले. "अन् रोहीचं उद्यापासून पाहू. आता मले सुट्टीच हाय."